घरातली बोली, चौकातली बोली

जर्मनीतील कोलोन शहराची बोली म्हणजे 'क्योल्श'. ती घरगुती गप्पांत आणि कार्निव्हलच्या गाण्यांतच शोभते, असा अनेकांचा समज होता. वोल्फगांग नीडेकेन (जन्म १९५१) या गायक-गीतकाराने १९७६ साली 'बाप' हा रॉक वाद्यवृंद काढला आणि गाणी क्योल्शमध्येच लिहिली. (मंडळी, क्योल्शमध्येही 'बाप' म्हणजे वडीलच!) १९८२ साली त्यांची ध्वनिमुद्रिका पश्चिम जर्मनीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. १९९२ मध्ये रोस्टोक येथे परदेशी लोकांच्या वस्तीवर हल्ले झाले. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला कोलोनच्या चौकात वंशद्वेषाविरुद्ध सुमारे १ लाख लोक जमले. त्या सभेचे मुख्य गीत क्योल्शमध्येच होते. गंभीर विषय पेलल्यानेच बोली मोठी होते. आपण मुलांशी मराठीत जेवणाखाणापलीकडचे किती बोलतो?