खळ, वस्त्रोद्योगातील (सोलापूर)

विणण्यापूर्वी ताण्याच्या सुताला पिठाची किंवा स्टार्चाची जी लापशी लावून वाळवितात, तिला खळ म्हणतात. वाळल्यावर सुताभोवती तिचा पातळ पापुद्रा तयार होतो. तो सुतावरील सुटे तंतू चिकटवून ठेवतो व फणीच्या घर्षणापासून सुताचे रक्षण करतो. परंतु लवचिक नसेल, तर मागावर तडकून गळून पडतो. स्टार्चाच्या जैवअपघटनशील वेष्टनांपुढील आजचा मुख्य प्रश्न हाच असून विणकरांना तो फार पूर्वीपासून परिचित आहे.

तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांमुळे सोलापूरच्या हातमागाच्या धंद्याला बळ मिळाले. हातमागाच्या पांजणीत ताणा ताणून त्यावर पेज चोपडीत व कुंच्याने ती सारखी करीत. तीत थोडे तेलही घालीत. 1877 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी (पुढे ‘जुनी गिरणी’ या नावाने प्रसिद्ध) सुरू झाली. गिरण्यांतून खळ यंत्राने लावून वाफेने तापविलेल्या नळकांड्यांवर सूत वाळविण्याची पद्धत रूढ झाली. सोलापूरची हवा कोरडी; उन्हाळ्यात तापमान 40° से.च्या वर जाते. अशा हवेत खळीतील पाणी उडून ती ठिसूळ बनते व धागे तुटतात. धागा तुटला की माग थांबतो, आणि कामावर मजुरी घेणाऱ्या विणकराची कमाईही तेवढा वेळ थांबते. विणाई खात्यात हवा ओलसर ठेवण्याचे कारण हेच होय.

स्टार्च हे ॲमिलोज व ॲमिलोपेक्टिन या दोन बहुवारिकांचे बनलेले असते. त्यांच्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरून ठेवतात. पाण्याचे रेणू साखळ्यांमध्ये शिरून हे बंध सैल करतात. म्हणून पाणी हाच स्टार्चाचा पहिला प्लॅस्टिकीकारक होय. शेले यांनी 1779 मध्ये शोधलेले ग्लिसरीन हेच कार्य करते, शिवाय ते सहजासहजी उडून जात नाही व हवेतील ओलावा धरून ठेवते. चरबी व तेल यांचा प्रकार वेगळा आहे. ती स्टार्चात मिसळत नाहीत. पृष्ठभाग केवळ गुळगुळीत करतात. व्यवहारात मात्र या सर्वांना सरसकट मृदुकारी द्रव्ये म्हटले जाते, आणि त्यामुळे बराच घोटाळा होतो.

ओलावा धरणाऱ्या द्रव्यांचा अतिरेकही घातक ठरतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लँकाशरमधील गिरण्या कापडाचे वजन वाढविण्यासाठी खळीत चिनी माती व मॅग्नेशियम क्लोराइड भरपूर घालीत. परिणामी हिंदुस्थानात येणाऱ्या कापडाला बुरशी लागल्याच्या तक्रारी झाल्या. खळीत जंतुनाशक म्हणून झिंक क्लोराइड घालीत ते यासाठीच.

आधुनिक स्टार्च-पटलांतही हीच ओढाताण दिसते. त्यांत ग्लिसरीन सामान्यतः स्टार्चाच्या वजनाच्या 20 ते 40 टक्के घालतात. त्याने पटलाचे काच-संक्रमण तापमान उतरते व ताणले जाण्याची क्षमता वाढते. पण ताणबल घटते आणि पाण्याची वाफ अधिक सहज आरपार जाते. प्रमाण अगदी अल्प असल्यास पटल उलट अधिक ताठर होऊ शकते. सॉर्बिटॉल वापरल्यास पटल अधिक बळकट व कमी ओलावा शोषणारे होते, मात्र लवचिकता कमी मिळते. साठवणीत साखळ्या पुन्हा जुळून स्टार्चाचे स्फटिकीभवन होते व पटल कडक होते; यूरिया ही क्रिया रोखण्यात ग्लिसरीनहून सरस ठरते. महाराष्ट्र शासनाने 23 मार्च 2018 रोजी अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी घातल्यानंतर अशा पर्यायी पटलांविषयीचे औत्सुक्य वाढले.

स्टार्चाचे अपघटन ही विणकामात जुनीच सोय आहे. विणून झालेल्या कापडातील खळ ॲमिलेज या एंझाइमाने विरघळवून धुऊन काढतात. हे सांडपाणी प्रक्रियेविना ओढ्यात सोडल्यास सूक्ष्मजंतू त्यातील शर्करा खाताना पाण्यातील ऑक्सिजन संपवितात व मासे मरतात.