आत्याची पत्र्याची खोली : किल्लारी १९९३ आणि आपण

मागच्या आठवड्यात इथे कुणीतरी जुन्या वाड्यांचे फोटो टाकले होते. ते बघितले आणि आमच्या आत्याचं घर आठवलं. थोडं लांबेल, पण सवड काढून वाचा. ही नुसती आठवण नाही. शेवटी तुमच्याकडे एक मागणंही आहे.

आमचे आजोबा उमरगा तालुक्यातल्या एका खेड्यातून हैदराबादला आले. तेव्हा उस्मानाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे नोकरीसाठी हैदराबादला येणं म्हणजे परमुलखात जाणं नव्हतं. आजोबांना उर्दू उत्तम यायचं, कचेरीत कारकुनी मिळाली आणि काचीगुड्याला बिऱ्हाड झालं. पुढे १९४८ ला पोलीस ॲक्शन झालं, १९५६ ला राज्यं वाटली गेली. मराठवाडा तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो. पण सोलापूर रस्त्यावरची बस पकडली की जहीराबाद, हुमनाबाद करत अर्ध्या दिवसात गावी. लग्नकार्यं, शेताचे वाटे, श्रावणातली माहेरपणं, सगळं चालू होतं. इथल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट असेल.

आत्या तिकडेच दिली होती, किल्लारीपासून जवळच्या एका गावात. तरुणपणीच विधवा झाली. मूलबाळ नाही. दिराच्या घरात मागच्या दोन खणांत राहायची. घर आठ खणांचं, दगडी. भिंती दोन-अडीच फूट जाड, बाहेरच्या बाजूला खिडकी जवळजवळ नाहीच. आजोबा सांगायचे, चोर-दरोडेखोरांच्या आणि नंतर रझाकारांच्या भीतीनं माणसं अशी घरं बांधत. उन्हाळ्यात आत गार वाटायचं. वर माळवद. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यावर फूट-दोन फूट मातीचा थर. पावसाळा आला की गळू नये म्हणून वर आणखी माती पडायची. वर्षानुवर्षं माती चढत जायची आणि भार वाढत जायचा. लहानपणी आम्ही त्या माळवदावर उड्या मारायचो. केवढं वजन डोक्यावर घेऊन सगळे झोपतात, हे कुणाच्या मनात आलं नाही.

भूकंपाचा इशारा मिळाला नव्हता असंही नाही. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारी भागात धक्के बसले होते. माणसं काही रात्री अंगणात, शेतात झोपली. मग थंडी पडली, धक्के थांबले, पुन्हा सगळे आत गेले. त्या काळच्या सरकारी भूकंप-नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेला भूकंप झाला, तो लोकांना माहीत होता. पण कोयना म्हणजे धरण आणि डोंगर. आपल्याकडे काळी माती, इथं काय होणार, असंच सगळे धरून चालले.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र. मिरवणुका आटोपून लोक उशिरा घरी आले आणि झोपले. पहाटे चार वाजायला चार-पाच मिनिटं होती. हैदराबादेत आमच्या घरी फळीवरचे डबे वाजले, आई उठून बसली, बाबा म्हणाले मांजर असेल. सकाळी रेडिओ लावला आणि बाबा तसेच चपला घालून बसस्टँडकडे निघाले.

सरकारी नोंदीत सुमारे आठ हजार माणसं गेली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत गावंच्या गावं जमीनदोस्त झाली. भूकंप जगाच्या मानानं फार मोठा नव्हता, ६.२ च्या आसपास. मारलं ते घरांनी. दगडी भिंतींना आतून-बाहेरून दोन थर, मध्ये गोटे आणि माती, दोन थरांना बांधून ठेवणारं काही नाही. हादरा बसला तसे थर सुटले आणि माळवदाची सगळी माती खाली आली. काही घरांतले लाकडी खांब आणि तुळया तशाच उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्या भोवती दगडांचा ढीग. ज्यांना दगडी घर परवडत नव्हतं, जे कुडाच्या झोपडीत होते, त्यांच्यातले पुष्कळ वाचले. बाबा हे नेहमी सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. आमच्याकडे मोठं घर आहे याचाच आम्हाला अभिमान होता ना.

आत्याचे दीर, जाऊ आणि एक पुतण्या गेले. आत्या दाराच्या चौकटीजवळ सापडली. खुबा मोडला होता. ती अडुसष्ट वर्षांची होती.

पहिले दिवस पावसाचे होते. ढिगाऱ्यांचा चिखल झालेला, वर ताडपत्र्या आणि प्लास्टिकची कापडं. आत्या दवाखान्यात होती म्हणून त्यातून सुटली. संक्रांतीच्या सुमारास ती परत आली तोवर गावाबाहेर पत्र्याच्या शेडच्या रांगा उभ्या राहिल्या होत्या. तात्पुरता निवारा. सरकारनं आणि कितीतरी संस्थांनी मिळून हे काम फार वेगानं केलं, याबद्दल आजही हात जोडावेसे वाटतात. पण आत्या त्या खोलीत पोचल्यावर एकेक गोष्ट कळायला लागली.

पहिली गोष्ट यादीची. खोल्या कुटुंबागणिक, रेशनकार्ड बघून. आत्याचं नाव दिराच्या कार्डावर, आणि दीरच गेलेले. मग ती कुठल्या कुटुंबातली? बाबांनी दोन महिने खेटे घातले तेव्हा तिला वेगळी खोली मिळाली. पण ती शेवटच्या रांगेत, जिथं तिच्या गल्लीतलं एकही माणूस नव्हतं.

दुसरी गोष्ट दाराची. पाणी आत येऊ नये म्हणून दाराशी वीतभर उंच पट्टी होती. धडधाकट माणसाला ती दिसतही नाही. काठी घेतलेल्या आत्याला ती ओलांडता येईना.

तिसरी गोष्ट सांगायला जड जाते, पण सांगते. संडास लांब होते, वाटेत उजेड नव्हता. आत्यानं संध्याकाळनंतर पाणी पिणं बंद केलं. उन्हाळा लागला, पत्रा दुपारी हात लावू देईना, आणि ही बाई पाणी पीत नव्हती. चैत्रात बाबा गेले तेव्हा ती ग्लानीत पडलेली होती. भूकंपातून वाचलेली आमची आत्या निवाऱ्यात मरायला टेकली होती.

बाबा तिला हैदराबादला घेऊन आले. आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईनं सगळं केलं, वन्सं वन्सं करत जेवण हातात दिलं. आत्या खिडकीत बसून राहायची. पंख्यानं पातेल्यावरचं झाकण हललं तरी उठून दाराकडे जायची. एक दिवस बाबांना म्हणाली, "अण्णा, मला परत नेऊन सोड. इथं मला समदं हाय, पण हाक मारली तर वळखीचं कोण येतं रे?" आम्हाला राग आला. मला तर फारच आला. एवढं करून हिला पत्र्याची खोली गोड! आषाढीच्या आधी बाबा तिला सोडून आले.

पुढचं मी स्वतः जाऊन पाहिलं. आत्याच्या जुन्या गल्लीतल्या चार बायकांनी एका कुटुंबाशी बोलून तिची खोली बदलून घेतली होती. आता ती त्यांच्या मधोमध होती. दारापुढे दगड-मातीचा उतार करून ती पट्टी बुजवली होती. पत्र्यावर गोणपाट टाकून दुपारी त्यावर पाणी मारायच्या. आणि खोलीपासून संडासापर्यंत बांबू रोवून कमरेच्या उंचीवर दोर बांधला होता. रात्री आत्या एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात तो दोर धरून जायची. सोबतीला एखादी पोरगी तिच्या खोलीत झोपायची. खर्च किती आला असेल? काहीच नाही. पण हे कुठल्याच नकाशावर नव्हतं.

आता थोडा इतिहास, कारण हे फक्त आमच्या आत्यापुरतं नाही. १९९४ पासून जागतिक बँकेच्या मदतीनं मोठा पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. सगळ्यात जास्त नुकसान झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली. नवी घरं जमिनीच्या हिशेबानं मिळाली : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, त्यावरच्यांना ४५०, आणि सात हेक्टरच्या वर असेल तर ७५०. आत्या अर्थातच २५० मध्ये. रस्ते रुंद, चौकोनी आखणी, शहरासारखी. घरं मजबूत, पण गल्ल्या आणि भावक्या विखुरल्या, पाणी आणि शेत लांब पडलं.

ज्या गावांत जुनीच घरं दुरुस्त करून भक्कम करायची होती, तिथं मात्र वेगळा प्रयोग झाला. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं सुमारे १३०० गावांत बायकांना 'संवाद सहायक' म्हणून पुढे आणलं गेलं. भिंतीत आरपार जाणारे दगड कसे घालायचे, कोपरे कसे बांधायचे, अनुदानाचा हप्ता कधी मिळतो, हे बायकांनी बायकांना समजावलं. २६ जानेवारी २००१ ला कच्छचा भूकंप झाला, तेव्हा याच भागातल्या बायका तिकडे जाऊन तिथल्या बायकांशी बोलल्या. बडोद्याच्या मंडळींना तो दिवस आठवत असेलच.

आणि एकटी पडलेली म्हातारी माणसं ही काही आपल्याच गावची अडचण नाही. १९९५ च्या जानेवारीत जपानमध्ये कोबेला भूकंप झाला. तिथं तात्पुरती घरं देताना सोडत काढली आणि वृद्ध-अपंगांना आधी घर दिलं. हेतू चांगला. पण त्यामुळे म्हातारी माणसं शेजाऱ्यांपासून तुटून अनोळखी वस्तीत गेली आणि कितीतरी जण बंद दारामागे एकटेच मेले. २००४ ला निगाता भागात भूकंप झाला तेव्हा त्यांनी धडा घेतला, वस्तीच्या वस्ती एकत्र हलवली. आमच्या आत्याच्या शेजारणींना हे १९९४ लाच कळलं होतं.

आपल्याकडे २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. त्यात निवारा, पाणी, स्वच्छता यांच्या किमान दर्जाबद्दल आणि विधवा-अनाथांच्या खास सोयीबद्दल वेगळं कलम आहे. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर, म्हणजे साधारण ३८ चौरस फूट जागा सांगितली आहे. वृद्ध, अपंग, गरोदर बायकांची काळजीही सांगितली आहे. कागदावर सगळं आहे. पण आत्याला दोर बांधून देणारं माणूस कागदातून येत नाही.

आता माझं मागणं. हैदराबाद कमी धोक्याच्या पट्ट्यात आहे म्हणून आपण निवांत आहोत. किल्लारीही तशीच होती, आणि २००२ च्या नकाशात तिला वरच्या पट्ट्यात टाकावं लागलं. बेळगाव, गोवा, बडोदा तर त्या नकाशात त्याच तिसऱ्या पट्ट्यात होते. आपल्या प्रत्येक गावात मराठी मंडळाचा हॉल आहे, शाळा आहे, मंगल कार्यालय आहे. उद्या काही झालं तर माणसं तिथंच येणार. मी मागच्या महिन्यात आमच्या ओळखीच्या एका हॉलवर मुद्दाम गेले. सभागृह वरच्या मजल्यावर, बावीस पायऱ्या. खाली दुकानं भाड्यानं दिलेली. संडास एकच, तोही बसायचा. आमची आत्या असती तर तिला तिथं कसं नेलं असतं?

म्हणून एवढं करू. एक, इमारत स्वतः धक्का सोसेल का, हे जाणकार इंजिनिअरकडून तपासून घ्या, नाहीतर तिथं माणसं गोळा करणं हाच धोका. दोन, तळमजल्यावर एक खोली राखा : दाराशी उतार, धरायला कठडा, कमोड, बॅटरीचा दिवा. तीन, आपल्या भागातल्या एकट्या राहणाऱ्या वृद्धांची, अपंगांची, गरोदर लेकीसुनांची यादी करा. कोण कुठल्या गोळ्या घेतं आणि कुणाला कोण उचलून आणणार, हेही लिहा. चार, तिथं झोपवताना शेजाऱ्याला शेजाऱ्याजवळच झोपवा. आणि मुख्य म्हणजे हे ठरवताना म्हाताऱ्या बायकांना विचारा. त्या आपण होऊन सांगणार नाहीत, पाणी प्यायचं बंद करतील.

आत्या पुढे १९९९ ला गेली, त्या २५० फुटांच्या घरात, चार शेजारणी उशाशी असताना. तिनं परत जायचं म्हटल्यावर मला जो राग आला होता, त्याची आजही लाज वाटते.

तुमच्या घरी किल्लारीची, कोयनेची, भुजची आठवण असेल तर लिहा. आणि तुमच्या मंडळाच्या हॉलला किती पायऱ्या आहेत, तेही मोजून सांगा.