नेपल्सचा बुधला, पैठणचा बाजार

सप्टेंबरात आम्ही दोघं युरोपला निघालोय. सोळा दिवस, आगगाडीने. मोझेल नदीच्या उतारावरचे मळे, मग शॅम्पेन, ल्योंचं खाणं, पीडमाँट आणि शेवटी नेपल्स. शेंगेनचा व्हिसा हातात पडल्यापासून बायको रोज रात्री कुठल्या गावात काय खायचं त्याची यादी वाढवते आहे. राहतो आम्ही शारजात, म्हणजे अमिरातीतल्या त्या एका गावात जिथे दारूची विक्रीच होत नाही. त्यामुळे मित्रमंडळींत थट्टेला तोटा नाही.

निफाडला अण्णांना फोनवर सांगितलं, तर क्षणभर पलीकडून आवाजच नाही. मग म्हणाले, "द्राक्षाचे मळेच बघायचे, तर इकडं यायचं की. भाडंही कमी लागंल."

यात राग नव्हता असं मी म्हणणार नाही. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले. कारण सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट. वेलीची पालेवाढ रोखून घड धरायला आपल्याकडे ते संजीवक सर्रास वापरत. त्याचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला. आमचा माल ज्या निर्यातदाराकडे होता, त्याने हात वर केले. अण्णांनी त्या वर्षी बहिणीचं लग्न पुढे ढकललं. मी तेव्हा नुकताच इकडे आलो होतो. पहिले दोन वर्षांचे पगार त्या कर्जात गेले. 'युरोप' हा शब्द आमच्या घरात बराच काळ शिवीसारखा उच्चारला जाई.

तरी जायचं ठरवलं, आणि तयारी म्हणून वाचायला बसलो. दारूच्या इतिहासावरची पुस्तकं ग्रीसपासून सुरू होतात आणि फ्रान्सला संपतात. मला मात्र वाचता वाचता वाट उलटी, आपल्या दाराशी येताना दिसली.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या कुणा ग्रीकभाषक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची दर्यावर्दी मार्गदर्शिका लिहिली. लेखकाचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण माणूस पक्का व्यापारी. बारिगाझा, म्हणजे आपलं भडोच, तिथे काय खपतं याची यादी देताना तो सुरुवातच द्राक्षमद्याने करतो: इटलीचं असेल तर त्याला पहिली पसंती, शिवाय लाओदिकियाचं, म्हणजे आजच्या सीरियाच्या किनाऱ्यावरचं, आणि अरबस्तानातलं. राजासाठी वेगळं, उंची. पुढे तो घाटावर येतो. भडोचहून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तगरहून कापड, बैलगाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला उतरे. कल्याणची हकिकत तर आजच्या बंदरांच्या राजकारणात शोभेल: सत्तापालटानंतर तिथे चुकून लागलेलं ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेलं जाण्याची भीती असे. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्याची ही झळ. त्याच झगड्याचा पुरावा आमच्या नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली जमिनीतून वर आला. नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी, त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा मारलेला.

हे मद्य यायचं कशातून? दोन कानांच्या, टोकदार बुडाच्या उंच मातीच्या बुधल्यांतून. त्यांना अँफोरा म्हणतात. डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी १९५४पासून नेवाश्याला उत्खनन केलं, तिथे त्यांचे तुकडे निघाले. ज्ञानेश्वरीच्या नेवाश्यात रोमन मद्याची खापरं! भारतात सापडलेल्या अशा खापरांतल्या काहींच्या मातीत काळी ज्वालामुखीची वाळू चमकते. ती नेपल्सच्या उपसागराकाठची, व्हेसुव्हियसच्या परिसरातली. मात्र अँफोरा म्हणून नोंदलेली काही खापरं पुढे रॉबर्टा टोंबर या संशोधिकेने तपासली, तेव्हा ती मेसोपोटेमियाकडच्या, आतून डांबर लावलेल्या 'टॉर्पिडो' बुधल्यांची निघाली. म्हणजे रोमचं श्रेय थोडं कमी झालं आणि आखाताचं वाढलं.

आखाताचं म्हणजे माझ्या सध्याच्या अंगणाचं. शारजा शहरातून पूर्वेला तासाभराच्या अंतरावर मलेहा आहे. शुक्रवारी आम्ही तिथे वाळूत पोरांना खेळवायला जातो. तिथल्या उत्खननात ऱ्होड्स बेटावरच्या मद्याच्या बुधल्यांचे कान मिळाले, कुंभाराचा शिक्का असलेले, ख्रिस्ताच्याही आधीचे. उम्म अल क्वैनजवळच्या एद-दुरला रोमन काच सापडली. हेच 'पेरिप्लस'मधलं ओमाना बंदर असावं, असं अनेक अभ्यासक मानतात. त्या ओमानातून भडोचला जाणाऱ्या मालात मोती आणि ढीगभर खजूर आहे, आणि मद्यही आहे. आज जिथे बाटली विकत मिळत नाही तिथे त्या काळी बाटलीचे बापजादे उतरत होते. बायकोला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मग दोन हजार वर्षं उशिरा आलो आपण."

बदल्यात आपण काय दिलं, याचं उत्तर नेपल्सच्या संग्रहालयात आहे. म्हणूनच प्रवासाचा शेवट तिथे ठेवला. १९३८ साली पाँपेईत हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली, साधारण वीतभर उंचीची, अंगभर दागिने, बाजूला दोन दासी. 'पाँपेईची लक्ष्मी' हे नाव तिला पडलं, ती लक्ष्मी असेलच असं नाही. आधी ती मथुरेची समजत. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननात तशाच धाटणीची हस्तिदंती मूर्ती निघाल्यावर म. के. ढवळीकरांनी ती भोकरदनची असावी असं मांडलं. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा ती त्या घरात होती. ज्या डोंगराच्या राखेने तिला पुरलं, त्याच डोंगराची वाळू आपल्याकडच्या खापरांत आहे.

हे सगळं परवा अण्णांना सांगत होतो. भोकरदनचं ऐकून ते हुंकारले, रोमन मद्याचं काही विशेष वाटलं नाही. मी सांगितलं की १८६०च्या दशकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीने फ्रान्सचे मळे मुळापासून खाल्ले, शेवटी अमेरिकन वेलीच्या खुंटावर फ्रेंच काडी बांधून ते वाचले. तेव्हा मात्र आवाज बदलला. आमची थॉम्पसनही डॉगरिजवर बांधलेली, तोही अमेरिकन खुंट; आपल्याकडे पाणी कमी आणि जमीन खारी म्हणून.

"म्हंजे त्यांचंबी कलमच?" अण्णा म्हणाले.

"कलमच. छाटणी मात्र वर्षातून एकदा. आपल्यासारखी एप्रिलला आणि ऑक्टोबरला अशी दोनदा नाही."

"एकदाच?" बराच वेळ ते गप्प. मग म्हणाले, "मळ्यात कुणी भेटला तर खुंट कोणता ते विचार. आणि दोन ओळींत किती फूट सोडतात तेबी. फोटो खालून काढ, घड दिसले पायजेत."

यादीत ते लिहून घेतलंय, ल्योंच्या खानावळींच्या वरती.