बड्याच्या कालवणाचा इतिहास



जव्हार संस्थानच्या स्थापनेची एक आख्यायिका जुन्या ठाणे गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. जयबा मुकणे यांनी बैलाच्या एका कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली आणि ती मान्य होताच कातड्याच्या बारीक वाद्या कापून मोठा मुलूख वेढून घेतला. हीच गोष्ट आफ्रिकेतील कार्थेज नगरीविषयीही सांगतात. तेव्हा तिला इतिहास म्हणता येणार नाही. इतिहास पुढे सुरू होतो. १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने येथील राजास 'निमशहा' हा किताब मान्य केला. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून जव्हार व मोखाडा हे तालुके पालघर जिल्ह्यात आले. राजेरजवाड्यांच्या अशा नोंदी सापडतात. घरातल्या चुलीवरील पातेल्याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. तिच्याविषयी येथे थोडे लिहावयाचे आहे.

'कालवण' म्हणजे भातात किंवा भाकरीबरोबर कालवून खाण्याचा पदार्थ. आपल्या घरांतून त्यालाच 'सालन' म्हणतात. यखनी हा शब्द फारसीतून आला, तर नहारी हा अरबी 'नहार' म्हणजे दिवस या शब्दावरून. रात्रभर मंद आचेवर शिजलेले मांस सकाळी खावयाचे, हा त्याचा अर्थ. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात मांस शिजविण्याच्या अनेक रीती आहेत. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त यखनीसाठी दहा शेर मांसास एक शेर कांदा व अर्धा शेर मीठ असे प्रमाण दिलेले आहे. यांपैकी कशातही लाल मिरची नाही. मिरची आणि बटाटा ही दोन्ही पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली. म्हणजे आपण ज्याला 'पूर्वापार' म्हणतो, त्या कालवणाचा लाल रंग पाचशे वर्षांहून जुना नाही.

बड्याचे मटण गरिबाघरी का रुजले, याचे कारण हिशेबाचे आहे. कुर्बानीत बकऱ्याचा एकच हिस्सा होतो, पण मोठ्या जनावरात सात हिस्से होऊ शकतात. शिवाय नळीचे व पायाचे चिवट मांस स्वस्त पडे. हे मांस केवळ मुसलमानांच्याच घरी शिजत होते असेही नाही. वसईची ख्रिस्ती कुटुंबे आणि मराठवाड्यातील दलित वस्त्या यांच्याही स्वयंपाकात ते होते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या २०१५ मधील पुस्तकात मराठवाड्यातील त्या अन्नाची सविस्तर नोंद केली आहे.

त्याच वर्षी कायदा बदलला. महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियम १९७६ चा. त्याने गायीची कत्तल बंद केली होती, परंतु वळू व बैल दाखल्यावर चालत. मार्च २०१५ पासून तेही बंद झाले. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ही बंदी कायम ठेवली. मात्र परराज्यात कायदेशीरपणे मिळालेले मांस जवळ बाळगण्याविरुद्धचे कलम रद्द केले. म्हैस व रेडा यांवर पूर्ण बंदी नाही, पण सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. म्हणून आज 'बड्याचे' म्हणजे म्हशी-रेड्याचे मांस, आणि तेही परवानाधारक दुकानातूनच घ्यावे. कायदा नीट माहीत असणे हे प्रत्येक कुटुंबाचे संरक्षण आहे. अफवेला तेच उत्तर आहे.

आता रीत. एक किलो नळीचे मांस हाडांसह घ्यावे. आले-लसूण, हळद, मीठ व थोडी कच्ची पपई लावून तासभर ठेवावे. चार कांदे तेलात लाल करावेत, मांस परतावे, धणे, मिरी, लवंग, दालचिनी व भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचे वाटण घालावे. दीड ते दोन लिटर गरम पाणी ओतून, झाकण ठेवून, मंद आचेवर तीन-चार तास शिजवावे. बटाटे शेवटच्या अर्ध्या तासात. हाडाजवळील चिवट तंतूंचे एवढ्या वेळात सरसात रूपांतर होते आणि रस्सा आपोआप दाट होतो. आपल्याकडे १९५९ पासून प्रेशर कुकर बनू लागले. त्यामुळे हेच काम तासाभरात होते व लाकूडफाटा वाचतो. सोबत तांदळाची किंवा, या डोंगराळ भागात मुबलक पिकणारी, नागलीची भाकरी असावी.

जनावर बदलले, मसाला बदलला, चूल बदलली. वेळ देऊन चिवट मांस मऊ करण्याचे ज्ञान तेवढे टिकले. हे ज्ञान आपल्या आजी-नानींनी कोणत्याही शाळेत न जाता सांभाळले आणि ते त्यांच्याबरोबरच नाहीसे होऊ लागले आहे. तेव्हा विद्यार्थ्यांना एक विनंती. येत्या सुटीत वही घेऊन घरातल्या वडीलधाऱ्या बाईजवळ बसा. मापे मूठ-चिमटीची असली तरी तशीच लिहा. कोणता पदार्थ केव्हा आला, कोणता का बंद झाला, तेही विचारा. खाली तिचे नाव व तारीख घाला. जव्हार-मोखाड्याच्या इतिहासातले जे पान कोणी लिहिले नाही, ते तुमच्या हातून लिहिले जाईल.