बाळदमा व ॲलर्जी

परागकण, घरातली धूळ, अंडे, शेंगदाणा अशा एरवी निरुपद्रवी गोष्टींना शत्रू मानून प्रतिकारसंस्था त्यांच्यावर तुटून पडते, तेव्हा ॲलर्जी होते. तिची बीजे पुष्कळदा पहिल्या वर्षातच पडतात. आधी इसब, मग अन्नाची ॲलर्जी, पुढे दमा आणि शिंका असा क्रम अनेक मुलांत दिसतो. त्याला ‘ॲटॉपिक मार्च’ म्हणतात. मात्र प्रत्येक मूल या वाटेने जातेच असे नाही.

या वाटेचे पहिले दार बहुधा त्वचा असते. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे त्वचा कोरडी व कमकुवत होते. इसबाशी असलेला हा संबंध २००६ मध्ये दिसून आला. अशा त्वचेतून अन्नाचे व धुळीचे कण आत शिरतात. दुखावलेल्या त्वचेतून निघणाऱ्या इशाऱ्यांमुळे टीएच-२ या प्रतिकारपेशी चेततात आणि आयजीई नावाची प्रतिपिंडे तयार होतात. ती मास्ट पेशींना चिकटून राहतात. तोच पदार्थ पुन्हा आला की या पेशी काही मिनिटांत हिस्टामिन सोडतात: अंगावर पित्त उठते, ओठ सुजतात, क्वचित जीवावर बेतते.

तोंडावाटे पोटात गेलेल्या अन्नाशी मात्र प्रतिकारसंस्था सहसा जुळवून घेते. म्हणूनच ‘ॲलर्जीच्या पदार्थांपासून बाळाला लांब ठेवा’ हा जुना सल्ला घातक ठरला. इस्राएलमधील ज्यू मुले तान्हेपणापासून शेंगदाण्याचा खाऊ खातात. ब्रिटनमधील ज्यू मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी त्यांच्या जवळपास दहापट आढळली. त्यावरून संशोधक गिडिऑन लॅक यांच्या गटाने लंडनमध्ये ‘लीप’ चाचणी घेतली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी निम्म्यांना ४ ते ११ महिन्यांच्या वयापासून शेंगदाणा नियमित दिला. पाचव्या वर्षी त्यांच्यात ॲलर्जी ३.२ टक्के, तर शेंगदाणा टाळलेल्यांत १७.२ टक्के आढळली (२०१५). तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळाला शेंगदाणा सुरू करताना आधी डॉक्टरांना विचारावे. अख्खे दाणे तर कोणत्याही तान्ह्या बाळाला देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. मऊ, पातळ केलेला लगदा द्यावा.

दम्यात हीच साखळी श्वासनलिकांत चालते. इंटरल्युकिन-५ हे संदेशवाहक प्रथिन इओसिनोफिल या प्रतिकारपेशींना बोलावते, इंटरल्युकिन-१३ चिकट कफ वाढवते, नलिका आकसतात. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांची ॲलर्जी असलेल्या बाळाला ऱ्हिनोव्हायरसच्या सर्दीत घरघर लागली, तर पुढे दम्याची शक्यता वाढते. परंतु घरघर म्हणजे दमा नव्हे; अमेरिकेतील टूसॉन येथील पाहणीत तीन वर्षांआधी घरघर झालेल्या सुमारे ६० टक्के मुलांना सहाव्या वर्षी ती उरली नव्हती.

दम्यात श्वासनलिकांची सूज आवरण्यासाठी पंपाने श्वासावाटे घ्यायचे स्टेरॉइड हा मुख्य उपचार. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने तो थांबवणाऱ्या घरांतील मुले विनाकारण धापा टाकतात. औषध थेट फुप्फुसात जात असल्याने मात्रा अगदी थोडी लागते. आयजीईला बांधून ठेवणारे ओमॅलिझुमॅब हे इंजेक्शन सहा वर्षांपुढच्या निवडक दमेकरी मुलांत वापरतात. २०२४ मध्ये अमेरिकेत एक वर्षापुढील मुलांच्या अन्न-ॲलर्जीसाठीही त्याला परवानगी मिळाली.