मोठी डिस्क आणि थांबण्याचं अंतर

लहान गाडीला मोठ्या डिस्क बसवल्या की ती लवकर थांबते, ही समजूत आता इतकी रूढ झाली आहे की ती कुणी तपासूनही पाहत नाही. आल्टो किंवा वॅगनआरसारखी गाडी असते, पुढे डिस्क, मागे ड्रम. मालक मोठी अलॉय चाकं घालतो, त्यांच्या फटींतून मूळची डिस्क फारच लहान दिसू लागते, आणि गॅरेजवाला सांगतो, ‘साहेब, डिस्क मोठी टाका, गाडी जागच्या जागी उभी राहील.’ जिवाशी गाठ असलेल्या भागाबद्दल दिलेली ही ग्वाही आहे, म्हणून तिचा नीट समाचार घ्यायला हवा.

पूर्वपक्ष आधी त्याच्या सगळ्यांत भक्कम रूपात मांडतो. पॅड डिस्कला केंद्रापासून जितक्या लांब पकडतात, तितका चाकाला अडवणारा पीळ जास्त. मूळ डिस्कवर पॅड केंद्रापासून सरासरी १० सेंटिमीटरवर घासत असतील आणि मोठ्या डिस्कवर ११ सेंटिमीटरवर, तर पायाच्या त्याच दाबाला १० टक्के जास्त जोर मिळतो. हे पूर्ण खरं आहे. पहिल्याच फेरीत पायाला तो फरक कळतो, आणि या समजुतीचं मूळ त्या जाणिवेतच आहे.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. ब्रेक अडवतो चाकाला. गाडीला अडवतं ते टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण. थांबण्याचं अंतर काढायचं तर वेगाच्या वर्गाला घर्षणांक आणि गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराच्या दुपटीने भागायचं. ताशी ८० किलोमीटर वेग आणि कोरड्या डांबरावरचा ०.८ हा घर्षणांक धरला, तर उत्तर येतं साधारण ३२ मीटर. पावसात घर्षणांक ०.५ वर आला की तेच ५० मीटर होतं. डिस्कचा व्यास या हिशोबात कुठेच येत नाही.

यावर कुणी म्हणेल, मूळच्या ब्रेकमध्ये टायरची पकड पुरती वापरण्याइतका जोर नसेल तर? शंका रास्त आहे, आणि तिचं उत्तर गाडीच देते. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नसताना, जोरात ब्रेक दाबला आणि पायाखाली एबीएसची थरथर जाणवली, तर निकाल लागला. चाक अडकायला आलं होतं आणि यंत्रणेने दाब कमी केला, म्हणजे ब्रेकचा जोर टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. धडधाकट अवस्थेतली कुठलीही लहान गाडी मूळच्या डिस्कवर ही थरथर देते. त्यात आणखी १० टक्के भर घातली तर एबीएस जरा आधी जागं होईल, एवढंच.

घाबरलेला माणूस पुरेसं दाबत नाही, त्याला मोठ्या डिस्कची मदत होईल, हा युक्तिवाद मात्र मला विचार करण्याजोगा वाटतो. माणसं खरोखरच कमी दाबतात. पण म्हणूनच मर्सिडीजने १९९६ मध्ये ब्रेक असिस्ट आणलं: पाय झटक्यात पडला की यंत्रणाच दाब पूर्ण करते. जुन्या गाडीत ती सोय नसेल, तर पूर्ण ताकदीने ब्रेक दाबायची सवय करावी. ती फुकट येते.

आता तोट्याकडे. जोरात ब्रेक लागला की वजन पुढे झुकतं. पुढे ६० आणि मागे ४० टक्के भार असलेली लहान गाडी ०.८ जी इतक्या मंदनाला पुढच्या चाकांवर सुमारे ७८ टक्के भार टाकते. कंपनी पुढच्या-मागच्या ब्रेकची वाटणी हे धरूनच ठरवते. फक्त पुढची डिस्क मोठी केली की ही वाटणी बिघडते: पुढची चाकं लवकर अडकू पाहतात आणि मागच्यांची पकड वापराविना राहते. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत तर पुढची चाकं जाम होऊन स्टिअरिंगच निकामी होतं. मागचे ड्रम काढून मोठ्या डिस्क टाकण्याचा हट्ट त्याहून घातक आहे. मागची चाकं आधी अडकली की गाडी स्वतःभोवती फिरते.

मग मोठ्या डिस्कचा उपयोग काय? उष्णता. मोठ्या पातेल्यातलं पाणी उशिरा तापतं, तसं जास्त लोखंड त्याच उष्णतेला कमी तापतं. १९५३ मध्ये ल मॉन्सची चोवीस तासांची शर्यत जग्वार सी-टाइपने डनलॉपच्या डिस्क ब्रेकवर जिंकली. ड्रमही चाक अडवतच होते, पण तासन्‌तास तापल्यावर ढिले पडत होते. डिस्क पडल्या नाहीत.

आपल्याकडे ही परीक्षा घाटात होते. लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी ५०० मीटरहून जास्त खाली येते. ५०० मीटर उतारात सुटणारी ऊर्जा ही ताशी ८० वरून वीस वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते, गाडीचं वजन कितीही असो. हवेचा आणि टायरचा विरोध त्यातला काही भाग खातो. न्यूट्रलमध्ये उतरलं तर बाकी सगळी डिस्क आणि ड्रमच्या माथी. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरावं, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम या हिशोबाला चोख उतरतो. तो पाळला की मूळची डिस्क पुरते. तो न पाळणाऱ्याला मोठी डिस्क फक्त थोडी उशिरा दगा देते.

शिवाय घाटात ‘ब्रेक गेला’ म्हणतात तेव्हा कित्येकदा उकळलेलं असतं ते ब्रेक ऑइल. ते हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. पाणी मुरलेल्यासाठी ही मर्यादा १५५ वर येते. कोकणातले दोन पावसाळे पाहिलेलं ऑइल डिस्क मोठी केल्याने कोरडं होत नाही.

उरला शेवटचा मुद्दा: कंपनीच महागड्या मॉडेलला मोठी डिस्क देते ना? देते, पण ती गाडी बहुधा जास्त जड किंवा जास्त वेगवान असते, आणि डिस्कसोबत कॅलिपर, मास्टर सिलिंडर, मागचे ब्रेक, एबीएसची मापं हे सगळं जुळवलेलं असतं. कुणी चेन्नईच्या ट्रॅकवर फेऱ्या मारणार असेल, तर असा संपूर्ण संच, चांगले पॅड आणि नवं ऑइल यांना माझा मनापासून पाठिंबा आहे. नुसतं ब्रॅकेट लावून कॅलिपर सरकवायचा आणि बाजारातली मोठी, भोकं पाडलेली डिस्क अडकवायची, याला नाही. त्या भोकांनी लोखंड कमी होतं, आणि सतत तापून-निवून त्यांच्या कडेपासूनच तडे जातात.

रोजच्या रस्त्यावर गाडी लवकर थांबवायची असेल, तर तोच पैसा टायरमध्ये घालावा. १.६ मिलिमीटर ही नक्षीच्या खोलीची कायदेशीर किमान मर्यादा. पावसात पकड त्याच्या कितीतरी आधी घसरू लागते. टायरच्या बाजूवर तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे उठवलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गॅरेजमध्ये डिस्कचा भाव विचारण्याआधी ते वाचावेत.