आखूड नळीचे कूळ

आमचा गोरेगाव तालुका १ मे १९९९ पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता. त्या जुन्या जिल्ह्यातली जवाहरनगरची आयुध निर्माणी इकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे शस्त्र घडत नाही, तोफा-बंदुकांना लागणारी दारू आणि स्फोटके तयार होतात. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरची कथाही दारूपासूनच सुरू करायला हवी. काडतुसातली दारू पेटते, वायू फुगतो आणि गोळी नळीत असेपर्यंत तिला ढकलत राहतो. नळी आखूड असली की गोळी लवकर सुटते, उरलेला दाब तोंडाशी आवाज आणि ज्वाळा होऊन वाया जातो. शिवाय रिव्हॉल्व्हरच्या चक्री आणि नळीमध्ये बारीक फट असते. तिथूनही थोडा वायू निसटतो.

मग आखूड नळी आली कुठून? खिशातून. इंग्लंडच्या वेब्ली कंपनीने १८७२ मध्ये अडीच इंच नळीचे ‘ब्रिटिश बुलडॉग’ काढले, ते कोटाच्या खिशासाठी. १९२७ मध्ये अमेरिकेत कोल्टने दोन इंच नळीचे ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ आणले. नाव कोणाच्या कमरेसाठी ठेवले, ते सांगायला नको.

आपल्याकडे कायद्याने वेगळे वळण दिले. .३८ आणि ९ मिमी बोअर (नळीच्या आतले माप) सामान्य परवानाधारकाला निषिद्ध ठरले, म्हणून सरकारी कारखान्याने वेब्लीच्या .३८ रिव्हॉल्व्हरचा साचा घेऊन .३२ बोअरचे, तीन इंच नळीचे, सहा काडतुसांचे रिव्हॉल्व्हर केले. त्याचे काडतूस १८९६ चे आणि मुळातच सौम्य. त्यात पुढे वजनाची काटछाट झाली: २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून आलेले ‘निर्भीक’ अवघ्या ५०० ग्रॅमचे होते.

माझ्या मते वेगापेक्षा नेमाचे नुकसान मोठे आहे. आखूड नळीतून सुटलेली गोळी वेडीवाकडी जात नाही. हात चुकतो. नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांमध्ये, म्हणजे साइटमध्ये, १० सेंमी अंतर असेल आणि पुढची साइट अर्धा मिलीमीटर सरकली, तर २० मीटरवर गोळी १० सेंमी बाजूला पडते. तेच अंतर १५ सेंमी असेल तर चूक सुमारे पावणेसात सेंमीवर येते. पुढचा भाग हलका असल्याने तोंडही जास्त उसळते, आणि दुसऱ्या गोळीला नेम पुन्हा धरायला वेळ लागतो. नवशिक्याला यातले काहीच कळत नाही. तो शस्त्रालाच दोष देतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये कानपूरच्या सरकारी कंपनीने ‘प्रबल’ आणले. बोअर तेच .३२, वजन सुमारे ७०० ग्रॅम, पण नळी १३२ मिमी, म्हणजे पाच इंचांहून थोडी अधिक. मारा ५० मीटरपर्यंत असल्याचे कंपनी सांगते. काडतूस जुनेच आहे, नळी मात्र बदलली. परवाना मिळाला म्हणून दुकानात जाणाऱ्याने आधी वजन विचारू नये, नळीची लांबी विचारावी. आणि आखूड नळीचेच घ्यायचे असेल, तर चार-पाच मीटरपलीकडे त्याच्यावर विसंबू नये.